दिसलं आणि बघितलं

बोरीच्या ग्रामपंचायतीनं वाचनालयासाठी एक खोली बांधली, तिच्यात पुस्तकांची दोन कपाटं ठेवली आणि कपाटांच्या किल्ल्या कुणाकडं दिल्या हे साफ विसरून गेली. खोली नुसती पडून होती. बबिता मॅडमनं ती रविवारच्या सकाळी मागून घेतली, आठ ते दहा, इंग्रजी बोलायच्या वर्गासाठी. वर्ग फुकट होता म्हणून पहिल्या रविवारी चाळीस जण आले. फुकट असला तरी पाठांतर करावं लागतं हे कळल्यावर अकरा उरले. पण ते अकरा असे चिवट निघाले की मॅडमला एखाद्या रविवारी सुट्टी घ्यायचीसुद्धा चोरी झाली.

सगळ्यात चिवट भगवानराव. एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टरकी करून निवृत्त झालेला माणूस. पुण्याची नात फोनवर इंग्रजी फाडायची आणि आजोबाला हसायची, म्हणून ते इरेला पेटून आले होते. दुसरा बालाजी, मोबाईलच्या दुकानातला, त्याला कस्टमर केअरच्या बाईशी इंग्रजीतून भांडायचं होतं. आणि तिसरी वैष्णवी. परभणीला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, शनिवारी गावी यायची आणि रविवारी आठाच्या ठोक्याला पहिल्या बाकावर हजर. बोलायची कमी, पण बोलली की नेमकं. ही वैष्णवी लक्षात ठेवा.

पहिल्या दोन महिन्यांत सगळ्यांचं 'हाउ आर यू, आय ॲम फाइन' पाठ झालं, आणि मग बोलायला काही उरेना. सगळेच फाइन असल्यावर बोलणार काय, कपाळ? मॅडमनं ओळखलं की माणूस वाद घालायला लागल्याशिवाय त्याची जीभ सुटत नाही. मग त्यांनी दर रविवारी एक पेच द्यायला सुरुवात केली. पेच म्हणजे असा प्रसंग, की ज्यात माणसानं काय करावं हे धड कळत नाही. त्यावर बाजू मांडायची, तीही इंग्रजीतून, आणि तीन दगडांवर. चुलीला तीन दगड लागतात, दोनावर पातेलं राहत नाही, असं मॅडम म्हणायच्या. पहिला दगड मुद्दा, 'आय थिंक'. दुसरा कारण, 'बिकॉज'. तिसरा आधार, 'फॉर एक्झाम्पल'. एक दगड कमी पडला की बाकीचे दहा जण ओरडायचे, "सांडलं, सांडलं!"

पहिला पेच त्यांनी पुस्तकातून काढला. रुळावरून ट्राम सुटलीय, पुढं पाच माणसं, बाजूच्या रुळावर एक, सांधा बदलायचा का? भगवानराव उठून उभे राहिले.

"ड्रायव्हर काय करायलाय?" त्यांनी मराठीतूनच विचारलं. "डेपोतून गाडी काढताना ब्रेक बगत नसतेत का? अन् ती पाच माणसं रुळावर कामून बसलीत?"

ट्राम तिथंच बंद पडली. पुढच्या रविवारी मॅडमनं जवळचा पेच आणला. एसटी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं, हे बरोबर की चूक? हां, आता पेटला वर्ग! दोन तास नुसती जुंपली. भगवानराव म्हणाले, रूलमध्ये रुमालाला तिकीट नाही. बालाजी म्हणाला, आधी आला त्याचा हक्क. वैष्णवी शेवटी उठली आणि म्हणाली, "माय फादर पुट्स हिज टॉवेल फॉर मॅडम. एव्हरी डे. नाइन इयर्स." सगळे हसले, मॅडमही हसल्या. कारण ते खरंच होतं.

मॅडम शिकवायच्या ते कनिष्ठ महाविद्यालय बोरीपासून बाराएक किलोमीटरवर. गावाचं नाव कशाला सांगायचं, अशी गावं बक्कळ आहेत. वैष्णवीचे वडील सिताराम तिथं शिपाई. सगळं कॉलेज त्यांना मामा म्हणायचं. सकाळच्या गाडीला ही गर्दी. मामा आधी येऊन थांबायचे, गाडी वळली की खांद्यावरचा टॉवेल खिडकीतून सीटवर टाकायचे, आणि मॅडम बसल्या की स्वतः दांडीला धरून उभे राहायचे. मॅडमनं त्या कॉलेजात नऊ वर्षं बिनपगारी काढली होती. त्यांच्या तुकडीला अनुदान नव्हतं, आज येईल उद्या येईल म्हणत घासली वर्षं. त्या नऊ वर्षांत त्यांच्याकडं माणूस म्हणून बघणारं कोण होतं, तर हे मामा. पगार नसलेल्या बाईला निदान बसायला जागा तरी मिळावी, एवढाच त्या टॉवेलामागचा हिशेब.

पुढं भगवानरावांचं एकच रडगाणं व्हायला लागलं, की मला पटतंय तेच मी बोलणार. तेव्हा मॅडमनं नियम काढला: पेच एकानं आणायचा, पण बाजू चिठ्ठीनं ठरायची. "पटलेली बाजू कुणीही मांडतो. न पटलेली मांडून दाखवा, मग म्हणीन तुम्हाला वाद घालता येतो." आणि दुसरा नियम, पेचात गावातलं खरं नाव घ्यायचं नाही. नाहीतर वर्ग चावडीवर जायला वेळ लागला नसता.

जानेवारीतली एक गोष्ट तेवढी सांगायला हवी. बालाजी म्हणाला, "आय लुक्ड अ स्नेक इन माय शॉप." मॅडमनं फळ्यावर दोन शब्द लिहिले. "सी म्हणजे दिसणं. डोळे उघडे असले की झालं, तुमचं काही काम नाही. लुक म्हणजे बघणं. तिथं तुम्ही आपण होऊन डोळे लावता. साप तुला दिसला, म्हणून सॉ. मग तू वाकून बघितलंस, ते लुक्ड." बालाजी म्हणाला, "मॅडम, मी वाकून न्हाई बगितलं, मी पळालो." वर्ग पोट धरून हसला. तो हसला तेव्हा कुणाला माहीत होतं, हेच दोन शब्द मॅडमच्या उरावर बसणार आहेत.

फेब्रुवारीत बारावीची परीक्षा लागली. आता कॉपीबद्दल आपल्याकडं कोण काय बोलणार? आपल्याकडं तिला चोरी म्हणतच नाहीत, मदत म्हणतात. अर्थशास्त्राच्या पेपरला मॅडमकडं बैठक व्यवस्थेचं काम होतं. पेपर सुरू होऊन अर्धा तास झालेला. त्या वरांड्यात उभ्या राहून बैठक क्रमांकांचा फळा पुसत होत्या. प्राचार्य महारुद्र सर ऑफिसातून बाहेर आले. त्यांच्या हातात झेरॉक्सच्या बारक्या घड्यांचं पुडकं होतं. समोरून मामा पाण्याचा जार घेऊन येत होते.

मॅडमला पुडकं दिसलं. सरांचा हात पुढं झालेला दिसला. आणि त्यांनी तोंड फळ्याकडं केलं. पुसलेला फळा पुन्हा पुसायला लागल्या. मागं सरांचा आवाज आला, "सिताराम, हे तिसऱ्या हॉलला." मामांचा आवाज आलाच नाही. सव्वीस वर्षांच्या नोकरीत साहेबाला नाही म्हणायची त्या माणसाला सवयच नव्हती. दहा मिनिटांत भरारी पथकाची गाडी आत आली, आणि पुडकं मामांच्या सदऱ्याच्या खिशात सापडलं.

मामा म्हणाले, सरांनी दिलं. सर म्हणाले, हा माणूस खोटं बोलतो. मामा निलंबित झाले. निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली, बडतर्फ झाले की पेन्शनसकट सगळंच जाणार. वरांड्यात तिसरं कोण होतं, तर एकट्या बबिता मॅडम. त्यांना लेखी विचारलं, आपण काय पाहिलं? मॅडम दोन दिवस त्या कागदाकडं बघत बसल्या. नऊ वर्षांनी आत्ता कुठं अर्धा पगार सुरू झाला होता, पूर्ण पगाराचा प्रस्ताव महारुद्र सरांच्या टेबलावर होता. आणि दुसरीकडं त्या विहारात जाऊन दर पौर्णिमेला पंचशील घेणाऱ्या बाई, चौथं शील खोटं न बोलण्याचं. त्यांना नोकरीही ठेवायची होती आणि शीलही मोडायचं नव्हतं. मग त्यांनी एक ओळ लिहिली: 'मी काहीही बघितलं नाही.'

बघा हुशारी. 'मला दिसलं नाही' असं लिहिलं असतं तर ते धडधडीत खोटं. पण बघितलं नाही, हे खरंच की. तोंडच फिरवलं होतं ना? चौकशी समितीला असला बारकावा कुठला कळतोय, त्यांनी साक्षीदार नाही म्हणून मोकळं केलं. मॅडमनंही स्वतःला मोकळं केलं. निदान तसं त्या समजत होत्या.

वैष्णवी मात्र वर्गाला यायची राहिली नाही. एक रविवार चुकवला नाही, तोंडातून एक शब्द काढला नाही. मॅडमला वाटायचं, हिनं एकदा तरी भांडावं, नाहीतर यायचं तरी बंद करावं. ती दोन्ही करेना. पहिल्या बाकावर बसायची आणि वहीत लिहून घ्यायची.

मे महिन्यात शेवटच्या सुनावणीची तारीख पडली, मंगळवारी, संस्थेच्या कार्यालयात, समक्ष. शनिवारी महारुद्र सरांचा फोन आला. आवाजात नुसता गूळ.

"मॅडम, मंगळवारी जास्त काही बोलायचं नाही. जे लिहून दिलंत तेच. बघितलं नाही, विषय संपला. अन् तुमच्या प्रस्तावाची काळजी करू नका, मी बघतो."

"हो सर," मॅडम म्हणाल्या. आणि फोन ठेवल्यावर त्यांना स्वतःचाच भयंकर राग आला.

रविवारी पेच आणायची पाळी वैष्णवीची होती. खोलीवरचे पत्रे सकाळी नवालाच तापले होते, पंखा गरम वारा खाली ढकलत होता. वैष्णवीनं वही उघडून वाचायला सुरुवात केली. इंग्रजी साधं, पण एक चूक नाही. एक दवाखाना आहे. तिथं एक मोठे डॉक्टर, एक वॉर्डबॉय आणि एक नर्स. डॉक्टरांनी एक चुकीची बाटली वॉर्डबॉयच्या हातात दिली आणि सांगितलं, तीन नंबरच्या वॉर्डात दे. तो देताना पकडला गेला. डॉक्टर म्हणाले, मी दिलीच नाही. त्या वेळी नर्स तिथंच होती, पण तिचं तोंड भिंतीवरच्या फळ्याकडं होतं.

'फळा' म्हटल्याबरोबर मॅडमच्या हातातला खडू थांबला. नाव नव्हतं, गाव नव्हतं, नियम कुठंच मोडलेला नव्हता.

"डिड द नर्स डू राइट, ऑर राँग?" वैष्णवीनं विचारलं आणि वही मिटली. नर्स गप्प राहिली, हे बरोबर की चूक?

बालाजीनं चिठ्ठ्या केल्या. भगवानरावांना आली 'चूक'. ते खूश झाले, पहिल्यांदाच मनासारखी बाजू मिळाली. दुसरी चिठ्ठी वैष्णवीनं उचलली. 'बरोबर'. नर्स गप्प राहिली ते योग्यच झालं, हे आता तिनं पटवून द्यायचं होतं.

मॅडम घाईनं म्हणाल्या, "वैष्णवी, पेच तुझाच आहे, तू नको. दुसऱ्या कुणाला तरी—"

"नियम हाय मॅडम," वैष्णवी म्हणाली. "न पटलेली मांडून दाखवायची."

भगवानरावांनी आधी सुरुवात केली. "आय थिंक नर्स इज राँग. बिकॉज, ट्रुथ इज ट्रुथ." आणि तिथंच अडकले. बालाजी म्हणाला, "काका, आधार?" भगवानराव चिडले. "अरे, डोळ्यासमोर झालं तर सांगायला पायजे, बास! ह्याला कारण कशाला लागतंय?" सगळे ओरडले, "सांडलं, सांडलं!" भगवानराव बसले, पण बसतानाही पुटपुटत होते, "सांगायला पायजे म्हंजे पायजे."

मग वैष्णवी उठली. आवाज बारीक, पण कुठं अडखळली नाही. "आय थिंक द नर्स डिड राइट," ती म्हणाली, आणि एकेक दगड मांडत गेली. ती नर्स त्या दवाखान्यात नऊ वर्षं पगाराशिवाय राबली. आत्ता कुठं तिच्या घरात महिन्याला पैसा यायला लागलाय. ती बोलली तर एका घराऐवजी दोन घरं बुडतील, आणि डॉक्टर तरीही खुर्चीतच राहील. वॉर्डबॉयचं निम्मं आयुष्य सरलंय, तो कुठंही पोट भरील. तिची लेकरं लहान आहेत. आणि चूक कुणाची? बाटली देणाऱ्याची. मग मोठ्याला सोडून दोन गरिबांनीच एकमेकांचा न्याय कशाला करायचा?

"फॉर एक्झाम्पल," वैष्णवी म्हणाली. "द वॉर्डबॉय इज नॉट अँग्री विथ हर. ही सेज, इन हर प्लेस आय ऑल्सो टर्न माय फेस." त्या वॉर्डबॉयचा तिच्यावर राग नाही. तिच्या जागी मी असतो तर मीही तोंड फिरवलं असतं, असं तो म्हणतो.

वैष्णवी शेवटचं वाक्य बोलली, "अँड शी डिड नॉट टेल अ लाय. शी सेड, आय डिड नॉट लुक."

मॅडमच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "सी. डिड नॉट सी म्हणायचं तिथं."

"न्हाई मॅडम." वैष्णवीनं मान वर केली. त्या तीन महिन्यांत ती पहिल्यांदा मॅडमच्या डोळ्यांत बघत होती. "तुमीच शिकवलं. दिसणं म्हंजे सी, बगणं म्हंजे लुक. नर्सनं लिहून दिलंय, 'मी काहीही बघितलं नाही.' वॉर्डबॉयला त्याची नक्कल मिळाली, मी ती वाचलीय. दिसलं न्हाई असं तिनं कुठंच लिहिलं न्हाई. म्हणून लुकच बरोबर हाय."

मॅडमनं फळ्याकडं तोंड केलं. आणि केल्याबरोबर त्यांना कळलं की आपण पुन्हा तेच केलं. त्या वळल्या. शिकवलेलं इतकं पक्कं शिकावं कुणी? ज्या शब्दाच्या आडोशाला त्या तीन महिने उभ्या होत्या, तो शब्द त्यांच्याच विद्यार्थिनीनं, त्यांचीच बाजू घेऊन, सगळ्यांदेखत बाजूला सारला होता.

बालाजीनं मतं मोजली. नऊच्या नऊ हात वैष्णवीच्या बाजूनं वर. नर्स गप्प राहिली ते बरोबरच, असा वर्गाचा निकाल लागला. भगवानराव हरले, तरी टाळ्या वाजवत होते. वैष्णवीनं मात्र एक टाळी ऐकली नाही, खाली बघून पेनाचं टोपण लावत बसली.

सगळे गेल्यावर मॅडम दाराशी थांबल्या. "वैष्णवी, इतकी चांगली बाजू कशी सुचली तुला? न पटणारी?"

"माझं न्हाई मॅडम ते." वैष्णवी चप्पल घालत होती. "आबा रोज घरी हेच सांगतेत. मी चिडले, आई चिडली, की ते तुमच्या बाजूनं भांडतेत. तीन महिने ऐकायले, पाठ झालं. मी निस्तं इंग्रजी केलं."

"अन् तुला काय वाटतं?"

"मला इंग्रजीत न्हाई सांगता यायचं," वैष्णवी म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज तसाच होता. "मराठीतबी न्हाई. जाते मॅडम."

मॅडम रिकाम्या खोलीत कितीतरी वेळ बसून राहिल्या. भांडण आलं असतं तर त्यांनी तोंड दिलं असतं. शिव्या आल्या असत्या तर कानावर घेतल्या असत्या. पण ज्याचं पोट मारलं तोच घरात बसून आपली वकिली करतोय, हे कसं सोसायचं? बाई ढसाढसा रडल्या. कुलूप लावायचंही त्यांना भान राहिलं नाही.

सोमवारी बुद्ध पौर्णिमा होती. संध्याकाळी विहारात पंचशील सुरू झालं. पहिली तीन शीलं मॅडमनं सगळ्यांबरोबर म्हटली. चौथ्याला ओठ हललेच नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याला, सुगतला, ते कळलं. तो जिंतूरला तहसीलमध्ये कारकून, कमी बोलणारा माणूस. घरी येताना त्यानं विचारलं, "उद्या बोलणार का?"

"बोलले तर प्रस्ताव गेला म्हणून समजा. नोकरीवरही येईल."

"ते मला कळतंय," सुगत म्हणाला. "मी ते विचारलं न्हाई." दारात पाय धुताना तो म्हणाला, "नऊ वर्षं चालवलंच की आपण. पुन्हा चालवू." मॅडमनं त्याच्याकडं बघितलं आणि मान डोलावली.

मंगळवारी सकाळी फलाटावर मामा उभे होते. तीन महिन्यांत माणूस निम्मा झाला होता. स्वच्छ धुतलेला सदरा, खांद्यावर तोच टॉवेल. मॅडमला वाटलं, मागच्या मागं परतावं. तेवढ्यात गाडी वळली, गर्दी धावली, आणि मामांचा हात सवयीनं खिडकीतून आत गेला. मॅडम वर चढल्या तेव्हा तिसऱ्या सीटवर टॉवेल पडलेला होता आणि मामा दांडीला धरून उभे होते.

"बसा मॅडम," ते म्हणाले. "उन्हाचा लय त्रास होतोय उभं राहून."

मॅडम बसल्या. काय करणार, नाही म्हणायलाही तोंड उरलं नव्हतं. कार्यालय येईपर्यंत टॉवेल त्यांच्या मांडीवर होता आणि त्या त्याची घडी घालत होत्या, मोडत होत्या, पुन्हा घालत होत्या.

सुनावणीला टेबलामागं समितीचे तिघं. मधले एक निवृत्त अधिकारी, समोर फाईल. एका बाजूला महारुद्र सर, दुसऱ्या बाजूला भिंतीला टेकून मामा. त्यांना खुर्ची दिली होती, पण साहेबांपुढं बसायचं कसं, म्हणून ते उभेच.

"मॅडम, तुमचा जबाब आहे, मी काहीही बघितलं नाही," अधिकारी म्हणाले. "हा कायम आहे ना? हो म्हणा अन् सही करा."

"जबाब खरा आहे साहेब," मॅडम म्हणाल्या. "पण अर्धा आहे."

"म्हणजे?"

"मी बघितलं नाही. पण मला दिसलं."

अधिकारी चष्म्यावरून बघायला लागले. "मॅडम, दोन्ही एकच. बघितलं की नाही, एका शब्दात सांगा."

"एका शब्दात सांगितलं म्हणूनच हा माणूस घरी बसलाय साहेब." मॅडमनं दोन्ही हात टेबलावर ठेवले. "लिहून घ्या. सिताराम मामा खरं बोलतात, हा माझा मुद्दा. कारण, पुडकं महारुद्र सरांच्या हातात होतं आणि त्यांनी हात मामांपुढं केला, हे मला दिसलं. मग मी मुद्दाम तोंड फिरवलं, म्हणून पुढचं बघितलं नाही. आणि आधार हा, की मला ऐकू आलं, 'सिताराम, हे तिसऱ्या हॉलला.' पुडकं सापडल्यावर ते कुठल्या हॉलला चाललं होतं हे कुणीच विचारलं नाही, तुमच्या फाईलीतही नाही. मला ते माहीत आहे, कारण मी तिथं होते. तिसऱ्या हॉलला कुणाचा पुतण्या बसला होता, ते बैठक क्रमांकाच्या यादीत आहे. यादी मीच केलीय. ही घ्या."

त्यांनी पिशवीतून यादी काढून टेबलावर ठेवली. अधिकाऱ्यांनी यादीवर बोट फिरवलं, एका नावावर थांबवलं आणि महारुद्र सरांकडं नजर वळवली. सरांचा चेहरा उतरला, पण आवाज उतरला नाही.

"ठीक आहे मॅडम," ते उठत म्हणाले. "तुमचं बघतो मी."

"बघा सर," मॅडम म्हणाल्या. त्यांना भीती वाटत होती, लपवायची काय गरज. पण त्यांनी तोंड फिरवलं नाही.

समितीनं निर्णय राखून ठेवला. कळवू म्हणाले. प्रस्तावाचं काय होणार ते मॅडमला बाहेर पडतानाच कळून चुकलं होतं. मामा मागून भराभर आले. म्हणाले, "कामून केलं मॅडम हे? मी तर पोरीला सांगतच होतो—"

"माहीत आहे मामा. तिनं सगळं सांगितलं. नऊच्या नऊ मतं पडली तुम्हाला."

मामांना काही कळलं नाही. ते टॉवेलानं तोंड पुसायला गेले, तर खांद्यावर टॉवेल नव्हता. तो अजून मॅडमकडंच होता.

परतीची गाडी वळणावर आली. भर दुपारची वेळ, फलाटावर ही माणसं. मॅडमनं साडीचा पदर खोचला आणि गर्दीत घुसल्या. नऊ वर्षांत त्या एकदाही अशा पळाल्या नव्हत्या. मामा मागून ओरडत होते, "ओ मॅडम, पडचाल! मी धरतो ना!" तोवर त्यांनी टाचा उंचावून हात खिडकीतून आत घातला होता आणि टॉवेल सीटवर पडला होता.

मामा धापा टाकत वर चढले, तर मॅडम दांडीला धरून उभ्या होत्या.

"बसा मामा," त्या म्हणाल्या.

"अहो मॅडम, मी कसा—"

"बसा. जागा धरलीय तुमच्यासाठी."

मामा खाली बसले, टॉवेल उचलून मांडीवर घेतला, आणि बोरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत डोळे पुसत राहिले.